पाटल्या, सुताचे पैसे की हप्ता? लेकीच्या पहिल्या रायफलीचा हिशोब

ताई, नमस्कार.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर तुमच्या लेकीनं सगळी रांग साफ केली आणि स्टॉलवाल्यानं हात जोडले, हे तुमच्या पत्रात वाचून हसू आलं. नेमबाजी तिथून सुरू झाली. आता ती तेरा वर्षांची आहे, दीड वर्षं क्लबच्या रायफलीवर सराव करते आणि दहा मीटर एअर रायफलमध्ये ६० शॉटना ५९० च्या आसपास मारते. कोच म्हणतात, स्वतःची रायफल घ्या.

तुम्ही दोन पर्याय कळवलेत. नवी जर्मन रायफल २,७०,००० ला, त्यात १,२०,००० एफडीतून आणि १,५०,००० दुकानदार हप्त्यांवर करून देतोय. दुसरी, पुण्यातल्या एका नेमबाजाची वापरलेली वाल्थर एलजी४००, १,३५,००० ला. ‘हे’ म्हणतात सुताच्या पैशातून घेऊ, तुम्ही म्हणता पाटल्या गहाण ठेवू.

सुताच्या पैशापासून सुरुवात करतो, कारण मला धास्ती त्याचीच आहे. अक्कलकोट रोडला चार लूम चालवणाऱ्या माणसाच्या करंट खात्यात दिवाळीच्या तोंडावर तीन लाख दिसतात, पण ते त्याचे नसतात. त्यातले काही सूतवाल्याचे, काही वीजबिलाचे, काही कामगारांच्या बोनसचे. टॉवेलचं पेमेंट तीन आठवडे लांबलं तर ती रायफल नेऊन कोणी सुताचं बाचकं देणार नाही. दादांना सांगा, त्या खात्याला हात लावायचा नाही.

आता तुम्हीच दिलेल्या आकड्यांवरून महिन्याचा खर्च मांडू. पेलेट तुम्ही हातात घेऊन बघितलंच असेल, डमरूच्या आकाराचं, सपाट तोंडाचं, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचं शिसं. ५०० चा डबा तुम्हाला १,१०० ला पडतो. दिवसाला ८० शॉट, महिन्यात २५ दिवस, म्हणजे २,००० पेलेट, चार डबे, ४,४००. रेंजची फी २,५००. जिल्हा, राज्य आणि पुढं गेली तर राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची मावळंकर स्पर्धा, प्रत्येक वेळी तिच्यासोबत घरातलं एक माणूस, जेवणखाण, मुक्काम; वर्षाचे ३०,००० धरले तर महिन्याला २,५००. बेरीज ९,४००.

नेमबाजी सोडून बाकी सगळं भागवल्यावर तुमच्याकडे १४,००० उरतात. त्यातून ९,४०० गेले की राहिले ४,६००. दुकानदाराचा हप्ता १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी ५,१२७ बसतो. म्हणजे नवी रायफल घेतली की दर महिन्याला ५२७ रुपयांची तूट, आणि तीही धंदा बरा चालला तर. व्याजापोटी साडेचौतीस हजारांच्या आसपास जातील ते वेगळेच. मग काय होतं ते मी पाहिलंय. हप्ता चुकवता येत नाही, म्हणून कात्री पेलेटवर लागते. पावणेतीन लाखांची रायफल पेटीत, आणि पोरगी आठवड्यातून दोन दिवस रेंजवर. त्यापेक्षा क्लबची जुनी रायफल आणि रोजचे ८० शॉट परवडले.

पाटल्यांचं म्हणाल तर सोनेतारण हे वाईट कर्ज नाही, स्वस्तही पडतं. पण वर्षअखेरीस मुद्दल-व्याज एकदम भरायच्या योजनेत तुम्ही अडकाल. ती तारीख पुन्हा दिवाळीच्या सुतावरच येईल. सुकन्या समृद्धीचा विचार सोडाच. त्यातली निम्मी रक्कम ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर मिळते, आणि तीही शिक्षणासाठी.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी घ्या, तिला काहीच खर्च नाही. कोचना सांगून कोणाची तरी चांगली मॅच रायफल तीन दिवस मागा. दोन दिवस तिला हात बसवू द्या आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण ६० शॉट, ७५ मिनिटं, अगदी सामन्यासारखे. दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, त्यामुळे रायफलीतला दोष स्कोअरमध्ये लपत नाही. ५९० चे ६०० च्या पुढे गेले तर क्लबची रायफल तिला अडवतेय. ५९२-५९३ वरच राहिले तर अडचण उभं राहण्यात, श्वासात, ट्रिगरवरच्या बोटात आहे, आणि तिचं औषध कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही. राष्ट्रीय पातळीवरच्या मुली ६२५ च्या पुढं मारतात. तिथं जायला अजून वाट आहे, वेळही आहे.

स्वतःची रायफल असण्याचा एक फायदा मात्र मी मनापासून मान्य करतो. घरी ड्राय फायर करता येतं. भिंतीवर ठिपका, पेलेट नाही, रोज अर्धा तास. यातला खर्च शून्य. चार-पाच किलोची रायफल तेराव्या वर्षी किती वेळ उचलायची, हे मात्र कोच ठरवतील.

म्हणून माझं मत वापरलेल्या रायफलीच्या बाजूनं आहे, पण आत्ता नाही, संक्रांतीनंतर. तुमची एफडी २,४०,००० ची. घरखर्च ३८,०००, त्याचे तीन महिने म्हणजे १,१४,०००. तेवढ्याला हात लावायचा नाही. उरतात सव्वा लाख. जानेवारीत भिशीचे ३०,००० येतायत. झाले १,५५,०००. त्यात १,३५,००० ची रायफल आणि २०,००० चं जुनं किट बसतं. किट जुनंच घ्या. जॅकेट-पँट तिला दीड-दोन वर्षांत आखूड होणार. रायफलीचं तसं नाही, तिचा मागचा टेकू आणि गालाचा आधार उंचीप्रमाणे सरकवता येतो. एफडी मोडताना बँकेत विचारा, अर्धीच मोडून देतात का. नाही म्हणाले तर पूर्ण मोडून १,१५,००० ची लगेच नवी करा.

पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघा, रात्री परत या, आणि लेकीला बरोबर न्या. सगळ्यात आधी हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. जर्मन कंपन्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर सामन्यात चालत नाही आणि नवा स्वस्त नसतो. तीन वर्षांपेक्षा कमी मुदत उरली असेल तर भाव पाडून मागा, लाजू नका. सिलिंडर भरून रात्रभर ठेवायला त्यांना आदल्या दिवशीच सांगा; सकाळी काटा उतरलेला दिसला तर सील गळतायत. रायफल टेकूवर ठेवून दहा पेलेट मारायला लावा, सगळी जवळपास एकाच भोकात जायला हवीत.

परवान्याची काळजी तुम्ही केलीत; .१७७ इंची नळीची आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. ही रायफल त्यातच येते. तरीही मूळ बिल आणि विकल्याची सहीनिशी पावती घ्या, प्रवासात जवळ ठेवा.

स्वप्नील कुसाळेचं उदाहरण तुम्ही दिलंत. २०२४ ला पॅरिसमध्ये त्यानं कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. त्याला .२२ ची रायफल आणि तिचा परवाना लागतो, तो खर्चच वेगळा. पॅरिसच्या वेळी तो मध्य रेल्वेत होता हे खरं, आणि सोलापूर मध्य रेल्वेचा विभाग आहे हेही खरं. पण खेळाडू कोट्यातली नोकरी मी हिशोबात धरलेली नाही, तुम्हीही धरू नका.

चाचणीचा स्कोअर आणि सिलिंडरच्या तारखेचा फोटो पाठवा. स्कोअर ५९५ च्या आत असेल तर जानेवारीची भिशीही एफडीतच टाकू आणि जूनमध्ये पुन्हा बोलू.