कृष्णविवराचे अज्ञात स्वरूप ग्राफिक डिझाइनमधून कसे दाखवावे?

कृष्णविवर रंगवू नये. त्याच्याभोवतीचा प्रकाश रंगवावा आणि मधली जागा पूर्ण काळी सोडावी, कारण घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटू शकत नाही त्या सीमेच्या, आतून कोणतीही माहिती बाहेर येत नाही आणि तिथे काढलेली प्रत्येक रेघ निव्वळ कल्पना ठरते. १९७९ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ-पिएर ल्युमिने यांनी संगणकीय गणितावरून, शाईचे ठिपके हाताने देत, असे चित्र काढले. त्यात कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीची एक बाजू उजळ दिसते, कारण आपल्याकडे वेगाने येणारा वायू अधिक तेजस्वी भासतो. ही असमानता जरूर राखावी, सुबक सममित वर्तुळात भौतिकशास्त्रच हरवते. एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराच्या २०१९ च्या प्रतिमेतला नारिंगी रंगही निवडलेला आहे, मूळ नोंदी १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओ लहरींच्या होत्या. म्हणून रंग सांकेतिक असल्याची ओळ चित्राखालीच छापावी.