हातांच्या हालचालींवर बेतलेल्या समकालीन संगीताचा दौरा काढायचा आहे. निधी कसा उभारावा?

तुम्ही तिघं जर्मनीत तालवाद्यं शिकताय आणि बेल्जियन संगीतकार तिएरी द मे यांची ‘म्युझीक द ताब्ल’ (१९८७), म्हणजे तिघांनी टेबलावर नुसत्या हातांनी वाजवायची रचना, चार शहरांत न्यायची आहे, असं लिहिलंय. हीच रचना घेऊन आम्हीही फिरलो आहोत.

सामान हलकं आहे, हे तुमचं मोठं बळ. तीन माणसं, तीन लाकडी फळ्या, फळ्यांना लावायचे मायक्रोफोन. मारिम्बासारखं अवजड वाद्य नाही, ते वाहायला टेम्पो नाही. खर्च उरतो तो रेल्वे, मुक्काम, जेवण आणि ध्वनी सांभाळणाऱ्याचा.

पहिल्या खेपेला आम्ही किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर स्वतःचं मानधनसुद्धा धरून ६,००० युरो मागितले. तिथे ठरवलेली पूर्ण रक्कम जमली तरच पैसे मिळतात. एक तृतीयांश जमले, हाती काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा आधी प्रत्येक सभागृहाकडून मानधन आणि एका रात्रीचा मुक्काम लेखी घेतला, आणि जे कमी पडत होतं तेवढंच, १,८०० युरो, मागितलं. ते जमले. साइट ५ टक्के कापते, पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं. ते धरूनच आकडा ठरवा. मोहीम ६० दिवस चालवता येते, पण ३० पुरतात. रचनेच्या हक्कांचे पैसे (जर्मनीत ते ‘गेमा’ ही संगीतकारांची संस्था गोळा करते) बहुधा आयोजक भरतो, तरी विचारून घ्या.

आयोजक विचारतील, बाकीचा वेळ काय करणार? ही रचना जेमतेम आठ मिनिटांची. जोडीला अमेरिकन संगीतकार मार्क अ‍ॅपलबाम यांची ‘अफेझिया’ (२०१०) घ्या: ध्वनिमुद्रित आवाज आणि त्याला तंतोतंत जुळणारे एकाच माणसाचे हातवारे. स्पीकर सोडले तर काही लागत नाही.

व्हिडिओत आधी बोलू नका. कॅमेरा वर टांगा आणि फक्त हात दाखवा: नखं, मुठी, तळवे, पालथा हात. हे संगीत नुसतं ऐकवून कोणाला पटत नाही, आमचा अनुभव आहे.

इथल्या मराठी मंडळात मात्र मला शब्दच कामी आले. ‘टेबल बडवायला पैसे कशाला?’ असं एका काकांनी विचारलं. मी तीनताल हातावर धरून दाखवला. नवव्या मात्रेला, म्हणजे ‘खाली’ला, टाळी नाही, हात नुसता बाजूला जातो. आवाज नसला तरी मात्रा असतेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘म्हणजे तुमची ‘खाली’सुद्धा बघायची!’ त्या रात्री त्यांनीच आमच्या मोहिमेची लिंक सगळ्यांना पाठवली. दात्यांना समजावताना त्यांच्या हाताला आधीच ठाऊक असलेली अशी एखादी गोष्ट शोधा. जर्मन शेजाऱ्यांसाठी आम्ही लहान मुलांचे टाळ्यांचे खेळ घेतले होते.

खर्चाचा तक्ता इथे टाकलात तर मी ओळ न् ओळ बघेन. पहिल्या सभागृहाचं पत्र येईपर्यंत मोहीम मात्र सुरू करू नका.