हरिकेननंतरच्या सरकारी घरबांधणी योजना इतक्या का रेंगाळतात?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेत मोठ्या हरिकेननंतर घरमालकांसाठी अब्जावधी डॉलरच्या योजना जाहीर होतात, तरीही कित्येक कुटुंबे पाच-पाच वर्षे स्वतःच्या घराबाहेर कशी राहतात, आणि अशी योजना नीट चालवायची असेल तर नेमके काय करावे लागते. २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील घरमालकांच्या फायली मी काही वर्षे हाताळल्या आहेत, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. उशीर हा अशा योजनेचा केवळ एक दोष मानला जातो. माझ्या अनुभवात मात्र उशीर स्वतःच घरमालकाचे पैसे खातो, आणि त्यातून पडलेली तूट पुढे कोणतेही खाते भरून देत नाही.

पैसा मुळातच उशिरा निघतो. वादळानंतर लगेच मिळते ती फीमाची, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेची मदत, आणि सँडीच्या वेळी एका कुटुंबाला तिची कमाल मर्यादा ३१,९०० डॉलर होती. पुराचा सरकारी विमा असेल तर घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळू शकतात. घर पुन्हा उभे करण्याचे मोठे अनुदान केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडून राज्यामार्फत येते. मात्र त्यासाठी कायमचा निधी राखून ठेवलेला नाही. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वेगळी तरतूद करायची, खात्याने नियम प्रसिद्ध करायचे, राज्याने आराखडा सादर करून मंजुरी घ्यायची, आणि मग अर्ज मागवायचे. सँडी २९ ऑक्टोबर २०१२ ला किनाऱ्यावर आदळले आणि निधीचा कायदा जानेवारी २०१३ च्या अखेरीस झाला. न्यू जर्सीने अर्ज घ्यायला मे महिन्यात सुरुवात केली. तेथे अनुदानाची कमाल मर्यादा दीड लाख डॉलर होती आणि घर स्वतःच्या मुख्य वास्तव्याचे असणे बंधनकारक होते. शिवाय किमान ८,००० डॉलरचे नुकसान झालेले असावे, किंवा पहिल्या मजल्यावर एक फुटापेक्षा जास्त पाणी चढलेले असावे, अशी अट होती. सरकारी मोजमापाने हा वेग वाईट म्हणता येणार नाही, पण तोवर घरमालकाने घरभाड्याचे सहा-सात हप्ते भरलेले असतात आणि पडक्या घरावरचे कर्ज फेडणेही चालूच असते.

येथे 'दुबार लाभ' नावाचा नियम आडवा येतो. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानुसार एकाच नुकसानीसाठी दोन ठिकाणांहून मदत घेता येत नाही. म्हणून विमा, फीमा, धर्मादाय संस्था यांच्याकडून घरदुरुस्तीसाठी मिळालेली प्रत्येक रक्कम अनुदानातून वजा होते. ते पैसे खरोखर दुरुस्तीवरच खर्च झाल्याचे सिद्ध केले, तरच ती वजावट टळते. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे, कारण हा जनतेचा पैसा आहे. प्रत्यक्षात काय होते ते मी एका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पाहिले. त्या सत्तरी ओलांडलेल्या बाई होत्या, शाळेच्या भोजनगृहातून निवृत्त झालेल्या. त्यांनी सगळ्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तारखेनुसार लावून ठेवल्या होत्या. डबा उघडला तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातील निम्म्याहून अधिक पावत्या कोऱ्या झाल्या होत्या, कारण त्या कागदावरची छपाई उष्णतेने उमटते आणि वर्ष-दीड वर्षात उडून जाते. बाई एकेक पावती खिडकीशी उजेडात धरून मला आकडा दिसतो का ते विचारत होत्या. शेवटी आमच्या तपासनीसाने भिंतींवर बसवलेले ड्रायवॉलचे तक्ते, दारे आणि विजेचे खटके मोजून झालेल्या कामाची किंमत ठरवली आणि तेवढी वजावट वाचली. विम्याच्या पैशातून दरमहा १,९०० डॉलर याप्रमाणे अठरा महिने दिलेल्या घरभाड्याचा मात्र हिशेब लागला नाही. ते पैसे घराच्या इमारतीसाठी मिळाले होते आणि भाडे म्हणजे इमारतीची दुरुस्ती नव्हे. अशा रीतीने ३४,२०० डॉलरचा खड्डा पडला. त्यातही पर्यावरण तपासणी पूर्ण होईपर्यंत अर्जदाराने दुरुस्ती थांबवावी असा नियम असल्यामुळे यांतील बरेच महिने आमच्या तपासणीची वाट पाहण्यातच गेले होते.

लहान उद्योग प्रशासन हे केंद्रीय खाते आपत्तीनंतर घरमालकांनाही कर्ज देते, त्या आपत्ती कर्जाचेही असेच होते. कर्ज मंजूर झाले पण परतफेड झेपणार नाही म्हणून घेतले नाही, तरी ती रक्कम अनेकदा मिळालेल्या मदतीत धरली जात असे. २०१८ च्या कायद्याने ही अट बरीच सैल झाली, पण तोवर अनेक सावध माणसांना त्यांच्या सावधपणाची शिक्षा भोगावी लागली होती.

दुसरा मोठा प्रश्न अनुदानाच्या सूत्राचा आहे. कॅटरिना आणि रिटा या २००५ च्या वादळांनंतर लुइझियानाने 'रोड होम' ही योजना आखली. तिथेही कमाल रक्कम दीड लाख डॉलर होती, पण अनुदान ठरवताना घराची वादळापूर्वीची बाजारभावाची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतील जी रक्कम कमी असेल ती धरली जात असे. न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीय वस्त्यांतील घरांचे बाजारभाव पिढ्यानपिढ्या दबलेले होते, मात्र लाकूड, पत्रे आणि सुताराची मजुरी सर्वत्र सारखीच होती. त्यामुळे सारख्याच आकाराच्या आणि सारख्याच नुकसानीच्या दोन घरांपैकी गोऱ्या वस्तीतील घर पुरते उभे राही आणि लोअर नाइन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीय वस्तीतील घर चौकटीपर्यंत येऊन थांबे. २००८ मध्ये याविरुद्ध खटला दाखल झाला आणि २०११ मध्ये तडजोड होऊन ज्यादा रक्कम देण्यात आली, पण सहा वर्षे थांबणे सर्वांनाच जमले नव्हते. अनुदान दुरुस्तीच्या खर्चावरच ठरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बाजारभावाचा आधार घेतला की जुना अन्याय नव्या हिशेबात जसाच्या तसा उतरतो.

मालकीची कागदपत्रे हा विषय मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव राहते आणि वारसनोंद कोणी करत नाही. लुइझियानात आणि २०१७ च्या मारिया वादळानंतर प्वेर्तो रिकोमध्ये अगदी तेच आढळले. घरे तोंडी वाटणीने चालत आलेली, राहणारा एक आणि कागदावर वारस सात, त्यामुळे मदतीचे अर्ज मोठ्या संख्येने नाकारले गेले. फीमाने २०२१ मध्ये स्वघोषणापत्र स्वीकारण्याची वाट मोकळी केली. माझ्या मते योजनेच्या कार्यालयात पहिल्या दिवसापासून मालकी हक्क सोडवून देणारा वकील असायला हवा आणि त्याचे शुल्क योजनेनेच भरायला हवे.

योजना चालवणाऱ्यांसाठी माझी कळकळीची सूचना अशी की एका कुटुंबाची फाइल शेवटपर्यंत एकाच माणसाकडे ठेवावी. कंत्राटी कर्मचारी बदलत राहतात आणि प्रत्येक नवा माणूस तीच कागदपत्रे पुन्हा मागतो. एका घरमालकाने आपली कर्जाची कागदपत्रे मला देताना सांगितले की ही त्यांची पाचवी प्रत आहे, आणि त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते. बांधकामाचे पैसेही टप्प्याटप्प्याने, प्रत्यक्ष पाहणीनंतरच बिल्डरला द्यावेत, कारण आगाऊ रक्कम घेऊन पसार होणारे प्रत्येक वादळाच्या मागोमाग येतात आणि त्यांचा फटका बहुतेक वेळा एकट्या राहणाऱ्या वृद्धांना बसतो.

अखेरचा मुद्दा घर उंचावण्याचा. पूरक्षेत्रातील घराचे नुकसान त्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर ते ठरलेल्या पातळीच्या वर उचलावेच लागते. लुइझियानात या कामासाठी ३०,००० डॉलरपर्यंत वेगळे अनुदान होते. दुरुस्तीचे पैसे अपुरे पडल्यामुळे हजारो कुटुंबांनी ते दुरुस्तीतच घातले. पुढे राज्याने ती रक्कम परत मागत त्यांच्यावर दावे लावले आणि हे प्रकरण मिटायला २०२३ साल उजाडले. न्यू जर्सीतील त्या बाईंचे घरही उचलले गेले. रस्त्यापासून दारापर्यंत आता चौदा पायऱ्या आहेत. अर्जात त्यांचे वय पहिल्याच पानावर होते, पण गुडघ्यांविषयी कोणी विचारले नव्हते, आणि बाहेरच्या लिफ्टसाठी आम्हाला नव्याने आराखडा काढून पुन्हा मंजुरी घ्यावी लागली. त्यात गेलेले चार महिने बाई भाड्याच्या खोलीतच राहिल्या.