दम लागतोय, मग गायचं कसं? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात सीओपीडीवर (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात तो फुफ्फुसांचा जुनाट आजार) लिहिताना व्हिडिओ कॉलवरच्या गाण्याच्या सेशन्सचा जाता जाता उल्लेख केला होता. बाकीचा लेख राहिला बाजूला, पत्रं आली ती त्यावरच. त्यातली चार घेतेय.

प्रश्न : आईला (वय ६६) सीओपीडी आहे. कधी बिडी-सिगरेट नाही, पण कितीतरी वर्षं गावाला चुलीवर स्वयंपाक. इन्हेलर चालू आहे. भाऊ लंडनला असतो, तो म्हणतो तिकडे डॉक्टरच पेशंटला ऑनलाइन गायला पाठवतात, आईलाही लाव. मला हे फॅड वाटतं. गाण्याने फुफ्फुसं सुधारतात का? (वाचक, पुणे)

उत्तर : नाही सुधारत ताई. स्पायरोमेट्रीचा (नळीत जोरात फुंकून करतात ती फुफ्फुसांची तपासणी) रिपोर्ट होता तसाच राहणार आणि इन्हेलरही चालूच राहणार, हे आधी डोक्यात पक्कं करा. पण फॅड म्हणून सोडूनही देऊ नका. सीओपीडीत खरी अडचण हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यात असते, नळ्या अरुंद झालेल्या असतात त्यामुळे जुनी हवा आतच अडकते, छाती फुगलेलीच राहते, मग नवीन हवेला जागा कुठे, म्हणून माणूस खांदे उचलून भराभर श्वास घ्यायला लागतो आणि त्याने अजूनच हवा अडकते. गाताना बरोबर उलटं करावं लागतं. खांदे सैल, श्वास खाली पोटापर्यंत, आणि मग एक अख्खी ओळ होईपर्यंत तो हळूहळू सोडायचा. ही सवय लागली की जिना चढल्यावर, अंघोळीनंतर दम लागतो तेव्हा कामाला येते, आणि दम लागला की जी घाबरगुंडी उडते ना, तीही बऱ्याच जणांची कमी होते.

तुमचा भाऊ बहुतेक इंग्लिश नॅशनल ऑपेरा आणि इम्पीरियल कॉलेजच्या हॉस्पिटल ट्रस्टने २०२० मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमाबद्दल ऐकून आलाय. सहा आठवडे, सगळं ऑनलाइन, आणि गाणी म्हणजे चक्क अंगाई. १५० जणांवर त्याची चाचणी झाली, २०२२ मध्ये छापून आली, मनःस्थिती आणि दम दोन्हीत थोडा फरक दिसला. पण ते लाँग कोविडवाल्यांसाठी, म्हणजे कोविड होऊन गेल्यावरही त्रास राहिलेल्यांसाठी होतं, आईच्या आजारासाठी नाही, हे भावाला सांगा! सीओपीडीसाठी ब्रिटनमध्ये गाण्याचे वर्ग त्याच्याही आधीपासून होते, हॉलमध्ये एकत्र बसून, कोविडमध्ये ते पडद्यावर आले. डेन्मार्कमध्ये २७० सीओपीडी पेशंट घेऊन एक तुलना झाली, १० आठवडे काहींना नेहमीचा व्यायाम आणि काहींना गाणं, शेवटी सहा मिनिटांत किती चालता येतं ते मोजलं तर दोन्ही गट साधारण सारखेच सुधारले. तो प्रयोग प्रत्यक्ष वर्गातला होता, ऑनलाइन नव्हता. त्यामुळे आईचं रोजचं चालणं बंद करून गाणं लावू नका, चालणं आणि गाणं दोन्ही.

गायचं काय? आई जात्यावर बसलेली असेल तर ओव्या येतच असतील, छोटी ओळ, मध्ये थांबायला जागा, लय संथ, याहून चांगलं मला तरी सुचत नाही. आरती सुरुवातीला नको, ती चढत्या लयीत पळते, वर टाळ्या, दोन कडव्यांत दम संपतो. आणि पट्टी खाली घ्या. वरच्या सुरात गळा ताणून गाण्याला इथे काही बक्षीस नाही.

प्रश्न : मी एक सेशन बघितलं. बाई सगळ्यांना म्यूट करून ठेवतात आणि म्हणतात गा! आपला आवाज कुणाला ऐकूच येत नाही तर एवढा खटाटोप कशाला? त्यापेक्षा आमचं भजनी मंडळ बरं. (एक काका, सातारा)

उत्तर : काका, म्यूट करतात कारण नेटवर आवाज पोचायला थोडा उशीर लागतो, प्रत्येकाचा वेगळा, सगळ्यांचे माइक चालू ठेवले तर असा कल्ला होतो की विचारू नका. आणि म्यूट असण्यात एक मजा आहे, खोकला आला, आवाज फाटला, ओळ अर्धी सोडली, कुणाला कळत नाही. बरेच जण त्यामुळेच टिकतात, विशेषतः शाळेत 'तू नुसते ओठ हलव' ऐकलेले! तोटाही आहे, तुम्ही खांदे उचलताय का ते बाईंना दिसायला हवं, म्हणून फोन हातात न धरता समोर टेकवून ठेवा, कंबरेपासून वर दिसाल असा, आणि सरळ पाठीच्या खुर्चीत बसा, सोफ्यावर रेलून नाही.

भजनी मंडळ सोडू नका, पण आजाराची साथ चालू असेल, कुणी शिंकत-खोकत असेल तर त्या आठवड्यात घरूनच. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीत ६१ जण समूहगानाच्या तालमीला जमले होते, त्यातले ५३ कोविडने आजारी पडले, दोघं गेली. आपल्यासारख्या फुफ्फुसांना साधा फ्लूसुद्धा महाग पडतो.

प्रश्न : बाबांना घरी ऑक्सिजन लागतो. त्यांच्या मित्रांचं गुरुवारचं भजन आता व्हिडिओ कॉलवर असतं. नळी लावून गायलं तर चालेल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : डॉक्टरांनी हो म्हटलं तर चालेल, आणि नळी काढून अजिबात नको, 'कॅमेऱ्यात बरं दिसत नाही' म्हणून काढणारे असतात म्हणून सांगतेय. फ्लो मनाने वाढवू नका, काही सीओपीडी पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साचतो. ऑक्सिमीटरवर कोणत्या आकड्याला थांबायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या (बोट गार असेल तर आकडा चुकतो). एक सूर किती वेळ धरतो अशी मित्रांमध्ये पैज लागते, ती नको, श्वास पार तळापर्यंत संपवायचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. भजन म्हटलं की समई, उदबत्ती, धूप आलंच. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत यातलं काहीही पेटवायचं नाही. आग भडकते, कपडे-केस पेटतात, आणि धुराने दम लागतो तो वेगळाच. देवापुढे सेलवरचा दिवा ठेवा, चालतो. छातीत नवीन दुखतंय, थुंकीतून रक्त, ताप, कफाचा रंग बदललाय, असं असेल त्या दिवशी गाणं रद्द करून डॉक्टरांना फोन. बाबा गाताना घरात कुणीतरी असू द्या.

प्रश्न : इन्हेलर सुरू केल्यापासून आवाज घोगरा झालाय, गाताच येत नाही. बंद करू का? (वाचक, ठाणे)

उत्तर : बंद नको. स्टेरॉइड असलेल्या इन्हेलरने असं होतं. प्रत्येक वेळी घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकून टाका, आणि पंपवाला असेल तर स्पेसर (पंपाला जोडायचं प्लॅस्टिकचं नळकांडं) लावून घ्या. तोंडात पांढरे चट्टे दिसले किंवा आठ-दहा दिवसांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना घसा दाखवा, गोळी द्यायची की इन्हेलर बदलायचं ते ठरवतील.