बजी खातो, तरी वाळतो

प्रश्न : आमचा 3 वर्षांचा बजी (बजरिगर, छोटा पाळीव पोपट) दिवसभर वाटीत चोच घालून असतो, तरी छातीचं हाड हाताला टोचतं. मान झटकत उलटी काढतो, डोक्यावरची पिसं चिकट होतात. शीमध्ये अख्खे राळे दिसतात. दुकानदाराने पाण्यात टाकायला अँटिबायोटिक पावडर दिली. आठवडा झाला, फरक नाही. चांगला डॉक्टर कसा शोधावा?
– एक वाचक, कराड

उत्तर : ती पावडर थांबवा आणि एक-दोन दिवसांत पक्षी डॉक्टरांना दाखवाच. वाटीवर हलकी फुंकर मारून पाहा. नुसती टरफलं उडाली तर तो खातोय. सोललेले किंवा चावलेले दाणे तसेच पडले असतील तर तो फक्त दाणे फोडतोय, गिळत नाही. दुरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून आजार उशिरा कळतो.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून पहिला संशय मॅक्रोऱ्हॅब्डसचा. जुने पक्षीपालक त्याला मेगाबॅक्टेरिया म्हणतात, पण ती बुरशी आहे. त्यामुळे अँटिबायोटिक लागू पडत नाही. ती जठराच्या अस्तरात वाढते, पचन बिघडतं आणि दाणे अख्खे बाहेर येतात. मात्र गॅल्व्हनाइज्ड तारेतलं जस्त पोटात गेल्यास किंवा बोर्नाव्हायरस या विषाणूमुळेही असंच चित्र दिसतं. म्हणून तपासणीआधी औषध नको.

तपासणी साधी आहे. ताज्या शीचा थेंब सलाइनमध्ये मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशी लांब, सरळ काड्यांसारखी दिसते. ती रोज बाहेर पडत नाही, त्यामुळे एका नमुन्यात सापडली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. निदान पक्कं झालं तर अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध थेट तोंडातून, दिवसातून दोनदा, साधारण 2 ते 4 आठवडे देतात. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनीच काढावी. पक्षी तरतरीत दिसला की औषध सोडून देणं ही नेहमीची चूक, आजार उलटतो. पिंजऱ्यातल्या जोडीदाराचीही शी तपासून घ्या.

तोवर घरी एवढं करा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर रोज सकाळी, खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. बजीचं वजन साधारण 30 ते 40 ग्रॅम असतं. त्यात 3-4 ग्रॅमची घट म्हणजे ताबडतोब दवाखाना. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागात 29 ते 32 अंश ऊब द्या आणि अर्धा भाग थंड ठेवा, म्हणजे त्याला हवं तिथे बसता येईल. चोच उघडून धापा टाकू लागला तर ऊब कमी करा. ग्रिट (पक्ष्यांना खायला ठेवतात ती बारीक खडी) काढून टाका. आजारी पक्षी ते भरमसाट खातो आणि पोट तुंबतं. चोचीत जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

डॉक्टर निवडताना फोनवरच विचारा : पक्षी नियमित पाहता का? ग्रॅमचा काटा आहे का? शी तिथेच तपासता का? एक्स-रे होतो का? न तपासता पाण्यातली औषधं लिहून देणाऱ्याकडे परत जाऊ नका. आजारी बजी पाणीच कमी पितो, मात्रा पोटात जात नाही. प्रोकेन पेनिसिलिनचं इंजेक्शन एवढ्याशा पक्ष्याला विषारी ठरू शकतं, हेही लक्षात असू द्या. तुमच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. फोन करून पक्षी पाहतात का ते विचारून निघा. मुंबईकरांसाठी परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. नेताना छोटी पेटी, तळाला पांढरा साधा कागद, वरून कापड. खाद्याचा नमुना, ती पावडर आणि वजनाची वही बरोबर असू द्या.

प्रश्न : शेतात सापडलेल्या हिरव्या पोपटाच्या पिल्लाला दूध-पाव दिला, जुलाब लागले. काय द्यावं?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : दूध बंद. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. पिल्लू उबदार पेटीत ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा. आपला हिरवा पोपट घरी पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि पिल्लाला भरवायला अनुभवी हात लागतात. पिल्लू हाताळल्यानंतर घरात कुणाला ताप-खोकला आला तर पोपटाचा संबंध आला होता, हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.