बाबांच्या पायातली पट्टी निळी करता येईल काय?

प्रश्न : बंडीवरून पडून माझ्या बाबांच्या नडगीचे हाड मोडले होते. हाड जुळल्यावर यंदा आतली पट्टी काढली आणि टायटेनियमची आहे असे सांगून डॉक्टरांनी ती आम्हाला दिली. तिला निळा रंग चढवून गाडीच्या किल्लीला अडकवावी, अशी बाबांचीच हौस आहे. सोड्याच्या पाण्यात वीज सोडली की रंग येतो, असे ऐकले. मित्र म्हणतो, मिठाचे पाणी घे आणि घरच्या विजेला डायोड लाव. शेताच्या कुंपणाची झटका मशीनही आमच्याकडे आहे. काय वापरावे?
— एक वाचक, कळंब तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आधी धातूची खात्री करून घ्यावी, कारण अशा पट्ट्या स्टीलच्याही असतात आणि चुंबकाला दोन्ही चिकटत नाहीत. सराफाच्या काट्यावर पट्टीचे वजन करावे. नंतर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेली पट्टी तळाला न टेकवता पूर्ण बुडवावी. ४५ ग्रॅमची पट्टी टायटेनियमची असेल तर काटा सुमारे १० ग्रॅम दाखवील, स्टीलची असेल तर सहाच्याही आत राहील. स्टील निघाल्यास हा खटाटोप सोडून द्यावा.

या कामात कोणताही रंग मिसळावा लागत नाही. विजेमुळे टायटेनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढतो आणि थराच्या वरून व खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग दिसतो, जसा पावसाळ्यात डबक्यावरच्या डिझेलच्या तवंगात दिसतो. थर किती जाड होणार हे व्होल्टेज ठरवते. सुमारे १५ व्होल्टपर्यंत तपकिरी छटा, २० च्या आसपास जांभळी, २५ ते ३० ला गडद निळी आणि त्यापुढे फिकट आकाशी येते. निळ्या रंगाचा थर मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाएवढा असतो.

म्हणून फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की आपले काम भागते. या बॅटऱ्यांच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर क्षणात लाल होतात, यास्तव जोडणीत ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब अवश्य घालावा. तो पेटणार नाही, पण प्रवाह आवरून धरील. घरच्या विजेचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. डायोड लावला तरी तिचा दाब ३०० व्होल्टच्या वर चढतो आणि त्या पाण्यात बोट गेले तर जीव जाऊ शकतो. झटका मशीन तर हजारो व्होल्टचे क्षणिक झटके देते, त्यातून स्थिर रंग येणे नाही. मीठही नको, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो.

पट्टी भांड्याच्या साबणाने घासून, धुऊन, पुढे चिमट्यानेच धरावी. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तेथे रंगाचा डाग पडतो. बोअरच्या जड पाण्याऐवजी इन्व्हर्टरमध्ये घालतात ते बॅटरीचे पाणी प्लॅस्टिकच्या डब्यात घ्यावे आणि पेलाभर पाण्याला चमचाभर खायचा सोडा विरघळवावा. बॅटरीची धन तार पट्टीला आणि ऋण तार स्टीलच्या चमच्याला जोडावी, मात्र दोघांचा स्पर्श होऊ देऊ नये. धन बाजूचा चिमटा पाण्याबाहेरच राहिला पाहिजे, नाहीतर प्रवाह चिमट्यातूनच वाहतो, चिमटा विरघळतो आणि पट्टी कोरीच राहते. जोडणी होताच पट्टीवर तपकिरी, मग जांभळी आणि शेवटी निळी छटा काही क्षणांत सरकत जाते. थर वीजरोधक असल्याने प्रवाह आपोआप मंदावतो. जास्त वेळ ठेवल्याने रंग गडद होत नाही. चमच्यावर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे हे काम ओसरीत करावे आणि जवळ कोणी बिडी पेटवू नये.

पट्टी आधीच रंगीत असेल, तर जुना थर जाड असल्यास कमी व्होल्टेजचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. असा थर ओल्या बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा. दुकानदार त्यासाठी ॲसिड सुचवील, ते घेऊ नये. किल्ल्यांच्या घर्षणाने नवा रंगही कडांवरून लवकर जाईल, तेव्हा घासून पुन्हा चढवता येतो.