आधी कटिंग लिस्ट दाखवा : फॅब्रिकेशन शॉपसाठी सॉफ्टवेअरची निवड

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचे चौदा माणसांचे वर्कशॉप आहे. गोदामांच्या शेड, जिने, मेझानाइन अशी कामे असतात. माझा भाऊ ऑटोकॅडवर टू-डीमध्ये ड्रॉइंग काढतो. एका विक्रेत्याने टेक्ला या थ्री-डी सॉफ्टवेअरचे प्रात्यक्षिक दाखवून ‘आता टू-डीचे दिवस संपले’ असे सांगितले. खर्च मोठा आहे. घ्यावे का?

उत्तर : प्रात्यक्षिकातले गरगर फिरणारे रंगीत मॉडेल तुमच्या लक्षात राहिले असेल, कटिंग लिस्ट, म्हणजे कोणता तुकडा किती मापाचा कापायचा याची यादी, दाखवली होती का, तेवढे आठवून पाहा. फॅब्रिकेशनच्या सॉफ्टवेअरची परीक्षा फिटरच्या हातात पडणाऱ्या कागदावर आणि मशीनमध्ये जाणाऱ्या फाइलवर होते, पडद्यावर नव्हे.

टेक्ला स्ट्रक्चर्स, ऑटोडेस्कचे अ‍ॅडव्हान्स स्टील आणि एसडीएस-टू ही तिन्ही सॉफ्टवेअर डिटेलिंगसाठीच, म्हणजे प्रत्येक तुकड्याची आणि जोडाची शॉप ड्रॉइंग काढण्यासाठीच बनलेली आहेत. त्यांत बीम, गसेट (जोडावरची प्लेट), बोल्ट या नुसत्या रेघा नसतात, वस्तू असतात. कॉलमची उंची बदलली की ब्रेसिंगची लांबी, प्रत्येक तुकड्याचे ड्रॉइंग, मार्क नंबर आणि वजन हे सारे त्याबरोबर बदलते. टू-डीमध्ये हाच बदल प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन आणि यादी अशा चार ठिकाणी हाताने करावा लागतो. तीन ठिकाणी होतो, चौथे राहून जाते आणि ते राहिले आहे हे क्रेन उभी असताना कळते.

म्हणून सरसकट ‘घ्या’ असे मात्र मी म्हणणार नाही. गेल्या वर्षातली तीन कामे काढा आणि साइटवर किती भोके गॅसने मोठी करावी लागली, किती तुकडे पुन्हा कापले, भावाचे किती दिवस नुसती यादी करण्यात गेले, हे कागदावर मांडा. एकाच स्पॅनच्या, एकाच प्रकारच्या ट्रसच्या शेड तुम्ही वारंवार करत असाल, तर नीट बांधलेले टू-डी ब्लॉक आणि एक शिस्तीची एक्सेल शीट तुम्हाला अजून काही वर्षे पुरेल. मेझानाइन आणि जिने यांचे तसे नाही, कारण तिथे दर जोड वेगळा असतो आणि थ्री-डीचे पैसे वसूल होतात. ती कामे वर्षाला दोन-चारच असतील, तर डिटेलिंग बाहेरून टनाच्या दराने करून घ्यावे. मात्र करारातच ड्रॉइंगसोबत मॉडेलची आयएफसी फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी) आणि ड्रिल लाइनसाठीच्या, म्हणजे भोके पाडणाऱ्या संगणकीय मशीनसाठीच्या, डीएसटीव्ही फाइल मागून ठेवाव्यात, म्हणजे पुढे काम दुसऱ्याकडे नेताना हात बांधलेले राहत नाहीत.

पुन्हा प्रात्यक्षिक ठेवलेत, तर तुमच्याच एखाद्या जुन्या जिन्याचे ड्रॉइंग विक्रेत्यासमोर ठेवा. चॅनेलचे स्ट्रिंगर, मधले लँडिंग, चेकर्ड प्लेटच्या पायऱ्या असा तो जिना तुमच्यादेखत उभा करायला सांगा आणि तो झाल्यावर मजल्याची उंची १५० मिमीने वाढवायला सांगा. पायऱ्यांची संख्या, स्ट्रिंगरची लांबी आणि कटिंग लिस्ट यांपैकी काय आपोआप बदलले आणि काय पुन्हा हाताने करावे लागले, यातून माहितीपत्रकापेक्षा पुष्कळ जास्त समजते. परवाना वार्षिक भाड्याचा आहे की कायमचा, हेही त्याच बैठकीत विचारावे. ऑटोडेस्कने कायमस्वरूपी परवाने विकणे २०१६ मध्येच थांबवले आहे. निव्वळ टू-डीसाठी झेडडब्ल्यूकॅड किंवा ब्रिक्सकॅड यांचा कायमचा परवाना घेऊन तुमच्या भावाची सवय फारशी न बदलता काम चालवता येईल.

प्रश्न : आमच्या बुटीबोरीच्या कार्यालयात स्टाड हे स्ट्रक्चरल डिझाइनचे सॉफ्टवेअर आहे. त्यातूनच शॉप ड्रॉइंग काढता येणार नाहीत का?

उत्तर : नाही. स्टाड.प्रो हे बलांचे गणित करते आणि आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे सेक्शन पुरतो का, ते तपासते. त्याच्या लेखी बीम म्हणजे एका नोडपासून दुसऱ्या नोडपर्यंतची रेघ. दोन नोडमधले अंतर ६००० मिमी असेल आणि दोन्ही टोकांना ३०० मिमी खोलीच्या कॉलमचे फ्लँज समोरासमोर येत असतील, तर प्रत्यक्ष मोकळी जागा ५७०० मिमी उरते. क्लीटच्या (जोडाच्या अँगल तुकड्याच्या) जोडासाठी दोन्हीकडे दहा-दहा मिमी फट धरली, तर फिटरने ५६८० मिमीचा तुकडा कापायचा असतो. हे ३२० मिमी कुठे गेले, ते सांगणे डिटेलिंगच्या सॉफ्टवेअरचे काम आहे. नव्या इंजिनिअरने स्टाडच्या यादीवरून थेट माल मागवू नये, एवढे मात्र बजावून ठेवा.

प्रश्न : आम्ही डिटेलिंग सॉफ्टवेअर वापरतो, तरी त्याने दिलेले वजन वजनकाट्याशी जुळत नाही आणि बिलाच्या वेळी वाद होतो. सॉफ्टवेअर बदलावे काय?

उत्तर : सॉफ्टवेअर बदलण्याआधी त्यातली सेक्शनची लायब्ररी उघडून पाहा. जुन्या मानक पुस्तिकेत आयएसएमबी ३०० चे, म्हणजे ३०० मिमी खोलीच्या भारतीय मध्यम बीमचे, वजन मीटरला ४४.२ किलो आहे. १९८९ च्या आयएस ८०८ या सेक्शनच्या मापांच्या मानकात याच खोलीच्या बीमचे वजन सुमारे ४६ किलो आहे. मीटरमागे पावणेदोन-दोन किलो किरकोळ वाटतात, पण दोनशे मीटर बीम लागला की साडेतीनशे किलोंहून अधिक तफावत पडते. फ्लँजची जाडीही १२.४ मिमीची १३.१ मिमी होते, त्यामुळे बोल्टच्या लांबीपर्यंत परिणाम पोचतो. आमच्या एका कामात लायब्ररी जुनी आणि माल नव्या मापाचा, असा घोळ झाला होता. दोन दिवस आम्ही वजनकाट्याला दोष देत राहिलो आणि चूक निघाली आमच्याच संगणकात. परदेशी सॉफ्टवेअर घेताना भारतीय सेक्शनची लायब्ररी सोबत येते का आणि ती आयएस ८०८ च्या कोणत्या आवृत्तीची आहे, हे लेखी मागून घ्यावे.

दुसरे कारण गसेटमध्ये दडलेले असते. ३०० बाय ३०० मिमीच्या दहा मिमी प्लेटचे वजन ७.०७ किलो भरते. तीच तिरकी कापून काटकोन त्रिकोण केला, की ३.५३ किलो. काही सॉफ्टवेअर प्लेटला वेढणाऱ्या आयताचे वजन धरतात, काही प्रत्यक्ष आकाराचे, आणि बहुतेकांत ही निवड एका सेटिंगमध्ये असते. बिल कोणत्या वजनावर होणार, ते वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या आणि सेटिंग त्याप्रमाणे ठेवा. रोलिंगमधल्या फरकापुरती थोडी तफावत त्यानंतरही राहीलच. तिचा निकाल कोणतेही सॉफ्टवेअर लावू शकत नाही.

प्रश्न : चाकणला आम्ही सीएनसी प्लाझ्मा मशीन बसवले. ऑटोकॅडमधून डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) दिली की कधी भोक वेडेवाकडे होते, कधी मशीन मध्येच थांबते. नेस्टिंगचे, म्हणजे प्लेटवर तुकडे कमीत कमी वाया जातील असे मांडणारे, वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का?

उत्तर : कदाचित लागेल, पण या तक्रारीवर तो उपाय नव्हे. आधी फाइल स्वच्छ करा. एकावर एक पडलेल्या दोन रेघा पडद्यावर एकच दिसतात. मशीन मात्र ती वाट दोनदा चालते आणि दुसऱ्या फेरीत टॉर्चखाली धातूच नसल्याने आर्क तुटते व नोझल खराब होते. कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली की आकृती बंद होत नाही आणि मशीनला आत-बाहेर कळत नाही. मापे व अक्षरे वेगळ्या लेयरवर ठेवून डीएक्सएफ देताना तो लेयर बंद करावा, नाहीतर प्लेटवर तुमचे ड्रॉइंग नंबरही कापले जातील. कर्फची, म्हणजे कापताना जळून जाणाऱ्या रुंदीची, भरपाई ड्रॉइंगमध्ये किंवा मशीनमध्ये अशी एकाच जागी करावी. दोन्हीकडे केली, तर भोक लहान येते आणि दोष ऑपरेटरवर जातो. प्लेटच्या जाडीपेक्षा लहान व्यासाचे भोक प्लाझ्माकडून नेटके मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. तिथे फक्त केंद्र मारून घ्यावे आणि ड्रिल करावे.

सिग्मानेस्ट, प्रोनेस्ट, लँटेक यांसारख्या नेस्टिंग सॉफ्टवेअरचा विचार त्यानंतर. त्यांचा खरा उपयोग उरलेल्या कटपीसचा हिशेब ठेवण्यात आहे. कटपीस कोणत्या मापाचा आहे, कोणत्या रॅकवर आहे आणि त्याचा हीट नंबर (कारखान्यातल्या ओतकामाच्या घाण्याचा क्रमांक) काय, ही नोंद राहिली, तर तो पुढच्या कामात वापरता येतो. हीट नंबर नसलेला तुकडा तपासणीच्या कामात भंगारातच जमा होतो, मग तो आयएस २०६२ या मानकाच्या पोलादाचा असला तरी काय उपयोग?

प्रश्न : कुपवाडला आम्ही हॉपर, डक्ट आणि पॅनेलच्या पेट्या करतो. उकल, म्हणजे वाकवण्याआधीचा सपाट आकार, अजून हाताने पत्र्यावर आखतो. सॉलिडवर्क्स घेतल्यास माप तंतोतंत येईल का?

उत्तर : येईल, पण तुमच्या बेंडिंग मशीनचा आकडा तुम्ही त्याला दिलात तर. सॉलिडवर्क्स आणि इन्व्हेंटर ही दोन्ही शीट मेटलची उकल चांगली करतात. फक्त वाकताना पत्रा नेमका किती ताणला जातो, हे त्यांना के-फॅक्टरवरून कळते; पत्र्याच्या जाडीत न ताणला, न दाबला जाणारा थर कुठे आहे, ते हा आकडा सांगतो. तीन मिमी पत्रा, आतली त्रिज्या तीन मिमी आणि काटकोनाचे वळण असेल, तर के ०.४४ धरल्यास वळणात ६.७९ मिमी पत्रा जातो आणि ०.३३ धरल्यास ६.२७ मिमी. चार वळणांच्या पेटीत दोन मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे दार लागत नाही. शंभर मिमीची पट्टी कापा, तुमच्याच डायवर वाकवा, दोन्ही बाजू व्हर्नियरने मोजा आणि त्यावरून आलेला आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरा. जाडी किंवा डाय बदलली की पट्टी पुन्हा वाकवायची.

गोल डक्टमध्ये तत्त्व तेच. बाहेरचा व्यास १००० मिमी आणि प्लेट दहा मिमी असेल, तर मधल्या ९९० मिमी व्यासावर ३११० मिमी लांबी काढायची असते; बाहेरच्या व्यासावर काढली, तर ३१४२ येते आणि ३२ मिमी प्लेट उगाच वाढते. तुमच्या जुन्या मिस्त्रींना हे ठाऊक असणारच. संगणकावर बसणाऱ्या मुलाला त्यांच्याजवळ आठवडाभर बसवा.

प्रश्न : स्पष्टच विचारतो. आमच्याकडे क्रॅक केलेली प्रत आहे. लहान वर्कशॉपला कोण विचारतो?

उत्तर : कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३ब वर्कशॉपचा आकार विचारत नाही. प्रत बेकायदा आहे हे माहीत असून धंद्यात वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. त्याखेरीज अशा प्रतींतून व्हायरस येतात आणि एका सकाळी सगळी ड्रॉइंग कुलूपबंद झालेली सापडतात.

पैसे नसतील, तर फ्रीकॅड वापरा. ते खुले आणि मोफत आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि ब्रॅकेट, गसेट, लहान फ्रेम यांसाठी ते पुरेसे आहे. साठ टनांची शेड त्यावर डिटेल करायला मी सांगणार नाही. तेवढे काम आले, तर त्याच कामाच्या कोटेशनमध्ये डिटेलिंगचा खर्च वेगळा दाखवून ते बाहेर द्यावे.